बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. बाबा, तुम्ही फोन घेऊन गॅलरीत जाता, हळू आवाजात बोलता, आणि आई आतून विचारत राहते, "कोणाचा आहे?" म्हणून दोघांना मिळून लिहिते आहे.

गणपतीत मी बडोद्याला असताना आई खंडेराव मार्केटला दुर्वा आणायला गेली आणि पन्नास वर्षं पायाखालचा दांडिया बाजारचा रस्ता तिला सापडेना. एका रिक्षावाल्या भाईने घरी आणून सोडलं. तुम्ही शेजारीपाजारी सांगितलंत, "उन्हाने चक्कर आली." त्या रात्री आई अंधारात मला म्हणाली, "मला काहीतरी होतंय गं. ह्यांना सांगू नकोस, घाबरतील." तुम्ही तिच्यापासून लपवताय, ती तुमच्यापासून. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तेव्हा आई बाहेर बाकावर होती. तिला सांगायचं नाही हे आपण दोघांनी ठरवलं. ते चुकलं. त्यात मीही होते.

आई, तुला अल्झायमर आहे. हे वेड नाही, आणि तुझ्या हातून काही चुकलं म्हणून झालेलंही नाही. मेंदूत नवी आठवण जिथे आधी उमटते, तो भाग या आजारात लवकर झिजायला लागतो. म्हणून सकाळचा चहा झाला की नाही हे राहत नाही, पण आजीच्या घरातल्या झोपाळ्याच्या कड्या कशा वाजायच्या ते तू हुबेहूब सांगतेस. आणि आरतीत तुझा एक शब्द चुकला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

बाबा, म्हणूनच ती मुद्दाम परत परत विचारत नाही. प्रत्येक वेळी तिच्यासाठी तो पहिलाच प्रश्न असतो. "आत्ताच तर सांगितलं" म्हणालात की उत्तर तिच्यापाशी राहत नाही, तुमचा चढलेला आवाज तेवढा राहतो. "आठवतं का?" असंही विचारू नका, ती परीक्षा होते. दिवेलागणीला ती "घरी चला" म्हणत दाराशी जाते, तेव्हा "हेच तुझं घर" असा वाद घालू नका. संध्याकाळी असा गोंधळ बऱ्याच जणांचा वाढतो. खोल्यांतले दिवे थोडे आधी लावा, तिला झोपाळ्यावर बसवा आणि आजीच्या त्या रावपुऱ्यातल्या घराबद्दल विचारा. गणपतीत मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा ती बोलता बोलता शांत झाली. मात्र एखाद्या दिवशी गोंधळ अचानक फारच वाढला, तर आजार पुढे गेला असं धरून बसू नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तरी असं होतं. लगेच डॉक्टरांकडे न्या.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून आपल्याला परत पाठवलं, ते मला अजून सलतं. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं किंवा नैराश्य आलं तरी माणूस विसरायला लागतो, आणि तसं असेल तर उपचाराने फरक पडू शकतो. आईचं तसं काही निघालं नाही, पण तेव्हाच तपासायला हवं होतं. आताची गोळी आजार बरा करणार नाही, काही काळ लक्षणं सावरेल एवढंच. अर्धवट चालणारं कानाचं मशीनही बदलून घेऊ. नीट ऐकूच आलं नाही तर ती आणखी एकटी पडेल.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून आकडाच सांगते. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. तितक्या घरांत कोणीतरी तुमच्यासारखं रात्री दाराची कडी तपासायला उठतं. यात लाजायचं काय आहे? शेजारच्या भावनाबेनना खरं सांगा. त्या दोनदा मला म्हणाल्या, "काकी पासे हुं बेसीश," आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना बसू द्या आणि तुम्ही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा. तुमचं वर्तमानपत्र सुटलं, फिरणं सुटलं, बीपीची गोळी दोनदा राहिली. तुम्ही आडवे झालात तर आईला कोण? ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मन जड झालं तर १४४१६, हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावा. आईच्या पिशवीत नाव, पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

मी शुक्रवारी रात्री निघते, पंधरा दिवस राहीन. आई, मला मोदकाची पारी जमत नाही. या वेळी तू वळ, मी शेजारी बसून सारण भरते.

तुमची
मीनू

ता. क. बाबा, वाचताना मधला भाग गाळू नका.