मंत्रीमहोदय, आमच्या मक्याचा पोंगा एकदा उघडून बघा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातला शेतकरी. गुलाबी बोंडअळीने कपाशीला हैराण केलं म्हणून तीन एकर मका धरला. काल सकाळी पोंगा, म्हणजे झाडाच्या शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडला तर आत ओल्या भुशासारखी विष्ठा आणि तीच अमेरिकन लष्करी अळी. मका सव्वा महिन्याचा आहे आणि दोन फवारण्या होऊन गेल्यात. आई दारात बसून एकच विचारते, "आते काय करानं?"

मागच्या हंगामात एक साहेब आमच्या बांधावर उभे राहून म्हणाले होते, पुढच्या पेरणीआधी कामगंध सापळे देऊ, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे, एकरी पाच. आम्ही नावं लिहून दिली. पेरणी झाली, कोळपणी झाली, सापळा एकही आला नाही. विचारलं तर म्हणतात, वरून आले नाहीत. वर म्हणजे कुठे? वर तर तुम्हीच आहात ना?

ही अळी आम्ही आणलेली नाही. 2018 साली ती कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडतो, मादी हजार-दीड हजार अंडी घालते. आणि सल्ला काय, तर अंडीपुंज वेचून नष्ट करा! तीन एकरांत लाखभर झाडं आहेत साहेब. घरात माणसं चार, त्यात आईचे गुडघे गेलेले.

किडीची अंडी मारणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक कीटकाची कार्डं चालतात, अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी चालते, असं शिबिरात सांगतात. गावच्या दुकानात मिळते ती फक्त इमामेक्टिन या रासायनिक कीटकनाशकाची पुडी. दोन फवारण्यांत औषध, मजुरी धरून सात हजार गेले, तेही उसने.

करता येत नाही असंही नाही. मेक्सिकोकडचा पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, आपल्या पपईवर आला, तेव्हा 2010 साली पोर्तो रिकोहून त्याचा परजीवी कीटक आणून सोडला आणि ढेकूण आटोक्यात आला. मक्यावेळी ती घाई कुठे गेली?

विम्याचंही तेच. हप्ता मी भरतो माझ्या शेताचा, भरपाई ठरते महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या मिळून, पीककापणी प्रयोगांवर. शेजारच्या गावात मका बरा निघाला की माझं खाल्लेलं शेत हिशेबातच नाही. बंदरं, विमानतळ, तपासणी सगळं सरकारच्या हातात, पण कीड आत शिरली की ती शेतकऱ्याची!

बियाण्याच्या आणि औषधाच्या पावत्या जपून ठेवल्यात. त्या कुणाला दाखवायच्या, तेवढं कळवा. उद्या तिसरी फवारणी आहे.

आपला,
एक मका उत्पादक