एलिमेंट पुन्हा जळालं म्हणून

पुणे, २२ जून

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. सोल्डरिंग आयर्नचं एलिमेंट, म्हणजे आतली तापणारी तार, पुन्हा जळालं म्हणून तू ते विकणाऱ्या दुकानदारावर चिडलायस, पण प्रत्येक वेळी मालच खराब असेल हे मला पटत नाही. सकाळी दुकान उघडलं की आयर्न लावायचं आणि जेवायला जाताना काढायचं, असं तूच लिहिलंयस. दुखणं तिथं आहे.

साधं २५ वॅटचं आयर्न कधी थांबायचं हे जाणत नाही. आत अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची बारीक तार पूर्ण ताकदीनं तापतच राहते. सोल्डर मारताना बिटातली, म्हणजे आयर्नच्या टोकातली, उष्णता सर्किटबोर्डाच्या तांब्याच्या पॅडमध्ये, जोडायच्या तारेत उतरते. नुसतं स्टँडवर पडलं की तिला जायला वाटच नसते आणि बिट ४०० अंशांच्या घरात पोचतं. साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर १९० अंशांपर्यंत पुरतं वितळतं, कामाला ३२० ते ३५० पुष्कळ झाले. त्यावरची उष्णता बिट काळं करते आणि तार खाते. तार जिथं जरा बारीक असेल तिथं जास्त तापते, म्हणून अजून झिजते, आणि शेवटी तिथंच तुटते.

त्यात तुझ्याकडचं व्होल्टेज वरखाली होतं. वॅट हे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. २३० ला २५ वॅटचं आयर्न २५० ला साडेएकोणतीस वॅट खातं, आणि १९० ला जेमतेम १७. संध्याकाळी 'सोल्डर धरत नाही' असं तू लिहिलंयस, त्याचं कारणही मला हेच वाटतं.

आता एवढं कर. एका स्विचबोर्डात सॉकेटच्या फेजमध्ये १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घाल आणि स्विच त्या डायोडच्या दोन टोकांना जोड. स्विच चालू असताना पूर्ण ताकद, बंद केलास की अर्धीच लाट जाते आणि वॅट निम्मे होतात. आयर्न तापवताना आणि काम करताना चालू, हातातून खाली ठेवलंस की बंद. बिट कमी तापलेलं राहील, पुन्हा हातात घेशील तेव्हा चटकन तापेल. २५ वॅटला प्रवाह जेमतेम ०.११ अँपिअर आणि डायोड १ अँपिअरचा, तेव्हा तो गरम होईल ही भीती नको. मात्र ट्रान्सफॉर्मरवाल्या सोल्डरिंग गनला किंवा स्टेशनला हा बोर्ड चुकूनही लावू नकोस, ट्रान्सफॉर्मर जळेल. जोडणी करताना प्लग काढलेला हवा आणि डायोडवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवलेली हवी.

दिव्याचा डिमरही चालतो, त्यानं उष्णता हवी तेवढी ठेवता येते. पण व्होल्टेज हललं की तीही हलते, हे ध्यानात ठेव.

आणखी एक, आणि हे तुझ्या पोराला आवर्जून सांग: सोल्डर झटकायला आयर्न टेबलावर आपटायचं नाही. तापलेली तार मऊ असते आणि अभ्रक ठिसूळ. ओल्या स्पंजावर पुसायचं. अधूनमधून आयर्न थंड असताना स्क्रू सैल करून बिट बाहेर काढ, आतली खपली झाड. नाहीतर बिट नळीत असं घट्ट बसतं की ते काढताना एलिमेंटच हातात येतं.

पुढच्या आठवड्यात तुझा भाचा येतोय ना, त्याच्याबरोबर तापकीर गल्लीतून एक डिमर आणि मूठभर डायोड पाठवतो. तोवर रोज रात्री दुकान बंद करताना मल्टिमीटर लावून व्होल्टेज लिहून ठेव आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर