बाटलीला कान लावून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

शर्यत संपल्यावर तुम्हाला गाठायची माझी फार धडपड चालली होती. पण तुम्हाला डोपिंग चाचणीसाठी नेलं होतं, आणि तिथे मला कोण आत सोडणार! तुम्ही बाहेर येईपर्यंत आमची बस सुटली. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

व्यावसायिक धावपटू म्हणून ही माझी पहिली रोड रेस होती. हाफ मॅरेथॉन, 21.0975 किलोमीटर. पळण्याची भीती नव्हती. ट्रॅकवरचे 10,000 मीटर, म्हणजे ते 25 लॅप, माझ्या पायांच्या सवयीचे आहेत. भीती होती पळण्याच्या आजूबाजूच्या गोष्टींची, आणि सगळ्यात जास्त बाटलीची. आपलं पेय भरलेली बाटली टेबलावर ठेवलेली असते आणि वेग न मोडता ती उचलायची असते, एवढं ऐकून माहीत होतं. कशी उचलायची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं होतं. माझ्या एजंटला विचारलं होतं, ज्याचा माझ्या प्रत्येक बक्षिसात हिस्सा ठरलेला आहे. सही होईपर्यंत त्याचे रोज फोन यायचे. सहीनंतर माझ्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर आलं, "तिथे गेल्यावर कळेलच." मग आमच्याच ग्रुपमधल्या, माझ्याआधी रस्त्यावर उतरलेल्या एका सीनिअरला विचारलं. ती म्हणाली, "आम्हाला कुणी शिकवलं होतं?" या वाक्याचा मला अजून राग येतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण ठेच कुठे लागली हे पुढच्यानं सांगायला तर हवं ना!

आणि मग आदल्या संध्याकाळी बाटल्या जमा करायच्या ठिकाणी तुम्ही भेटलात. माझ्या हातात तीन साध्या गुळगुळीत बाटल्या होत्या, वर नुसता बिब नंबर (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) लिहिलेला. तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत, बेस्ट टायमिंग विचारलं नाहीत. म्हणालात, "अशाच देणार आहेस? थांब." बॅगेतून जाड तार आणि चिकटपट्टीचा रोल काढलात आणि तिथेच जमिनीवर बसलात.

तार वाकवून तुम्ही कपाला असतो तसा कान केलात, बाटलीच्या अंगावर टेकवून वर पट्टीचे वेढे दिलेत. तारेची टोकं आत दुमडलीत, बोटाला लागू नयेत म्हणून. मग मला म्हणालात, "बोटं घाल." मी घातली. जरा घट्ट बसत होती, पण मी "चालेल" म्हटलं. तुम्ही माझ्या बोटांकडे बघितलंत, काही न बोलता सगळे वेढे सोडलेत आणि कान पुन्हा पहिल्यापासून वळलात.

ताई, मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. पहिला कान करून दिला असतात तरी मी जन्मभर उपकार मानले असते. पण मी "चालेल" म्हटलेलं तुम्हाला चाललं नाही. दुसऱ्या दिवशी तुमचीही शर्यत होती, त्याच रस्त्यावर, त्याच बक्षिसांसाठी. माझी बाटली हुकली असती तर तुमची एक प्रतिस्पर्धी कमी झाली असती. तुमची विश्रांतीची वेळ होती. तरी तिन्ही बाटल्यांना कान लावलेत, सगळ्यांवर नारिंगी पट्टी गुंडाळलीत आणि म्हणालात, "नजर पट्टीवर ठेव. आणि हात तिथे अडकवू नकोस, बाटलीबरोबर मागे जाऊ दे."

किलोमीटरला 3 मिनिटं 20 सेकंद या वेगानं दर सेकंदाला 5 मीटर मागे पडतात. टेबल दिसलं म्हणेपर्यंत निघून जातं. 5 किलोमीटरला मला नारिंगी पट्टी लांबूनच दिसली आणि बोटं आपोआप कानात गेली. 10 किलोमीटरला पुढच्या कुणाचा तरी हात लागून बाटल्या आडव्या झाल्या होत्या. माझीही पडलेली होती, पण कान वर होता! ती साधी बाटली असती तर ओल्या टेबलावरून घरंगळून गेली असती. 15 किलोमीटरला दोनच घोट घेतले, पण त्यानंतर तुमचा ग्रुप माझ्या नजरेआड झाला नाही. बाकीची शर्यत कशी झाली ते निकालात आहेच.

2018 साली बर्लिनला केनियाच्या एलिउड किपचोगेनं मॅरेथॉनचा 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांचा विश्वविक्रम केला. 25 किलोमीटरनंतर त्याच्यासोबत एकही पेसर, म्हणजे ठरलेला वेग राखून देणारा धावपटू, उरला नव्हता, पुढचे 17 किलोमीटर तो एकटाच पळाला. त्या शर्यतीत त्याच्या हातात बाटल्या देणारा एक स्वयंसेवक होता. बाटली नीट पोचली की तो मुठी आवळून असा काही जल्लोष करायचा, जणू विक्रम त्याचाच! आपल्या खेळात अशी माणसं खूप आहेत. पुढच्या ग्रुपमधले धावपटू जिवाच्या आकांतानं पळतानाही आपली बाटली शेजारच्याला देतात, नियमही त्याला आडवा येत नाही. मी हे आजवर पडद्यावर पाहत आले. माझ्या वाट्याला आलं ते तुमच्यामुळे.

त्या तिन्ही बाटल्या मी रस्त्यातच टाकल्या, टाकाव्याच लागतात. आता पूर्ण मॅरेथॉनची तयारी सुरू केली आहे. दर 5 किलोमीटरला एक धरली तर आठ बाटल्या होतात. कान माझे मी वळायला लागले आहे, तुमच्याइतके सफाईनं अजून जमत नाहीत. तार कोणत्या जाडीची घेता, तेवढं मात्र कळवा.

ताई, तुमचे मनापासून आभार. पुढच्या शर्यतीत तुमच्या पुढे जायचा मी जिवापाड प्रयत्न करणार आहे, आणि तुम्ही मला सहजासहजी जाऊ देणार नाही याची खात्री आहे.

तुमची आभारी,
नारिंगी पट्टीच्या बाटल्यांवाली