शर्ट वर सरकला तर

टॅम्पा, फ्लोरिडा

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता तिकडे म्हणे कमरेला पिस्तूल लटकवून राजरोस हिंडतात. तूसुद्धा का रे?" तेवढ्यात काकूने फोन घेतला, विषय आंब्याच्या मोहोरावर गेला आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. फोनवर ते धड सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

मी पिस्तूल बाळगतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आईला नाही, आणि तुम्हीही सांगू नका. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन एकट्याने गाडीपर्यंत चालायचं असतं, हे कारण तुम्हाला पुरे. एच-वन व्हिसावर होतो तोवर इथला कायदा मला सहसा पिस्तूल घेऊच देत नव्हता. ग्रीन कार्ड झाल्यावर प्रशिक्षण घेतलं, बोटांचे ठसे दिले, परवाना काढला. २०२३च्या जुलैपासून इथे झाकून बाळगायला परवानाही लागत नाही, तरी मी तो ठेवलाय. दुसऱ्या राज्यांत गेलं की उपयोगी पडतो.

तर कायदा असा होता. १९८७ साली फ्लोरिडाने पिस्तूल झाकून बाळगायचे परवाने सरसकट द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी उघडं बाळगायला बंदी घातली. परवाना असला तरी पिस्तूल कपड्याखालीच हवं. उघडं बाळगलं तर ६० दिवसांपर्यंत तुरुंग नि ५०० डॉलरपर्यंत दंड. आता इथलं हवामान तुम्हाला सांगायला नको, देवगडचा मे महिना ऑक्टोबरपर्यंत लांबवलात की झालं. अंगात पातळ टी-शर्ट. वरच्या फळीवरचं खोकं काढायला हात वर केला की शर्ट वर सरकतो. पार्किंगमध्ये वाऱ्याची झुळूक आली की तो उडतो. आणि जवळून कुणी पाहिलं की घाबरून ९११ला, म्हणजे इथल्या पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन लावतो, "दुकानात एक माणूस आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे!"

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २०११मध्ये कायद्यात एक सवलत घातली: परवानाधारकाचं पिस्तूल थोडा वेळ उघडं दिसलं आणि त्याने ते रागाने किंवा धमकावायला दाखवलं नसेल, तर गुन्हा नाही. पण थोडा वेळ म्हणजे किती? कायद्यात सेकंद लिहिलेले नाहीत. ते आधी रस्त्यावरचा पोलीस ठरवणार, मग सरकारी वकील, मग ज्युरी. तोवर तुम्ही वकिलाची फी भरत बसायचं. २०१२मध्ये इथल्याच फोर्ट पिअर्स गावात एक माणूस हमरस्त्याच्या कडेने चालला होता. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला लावायच्या म्यानात, कमरेला, पण शर्टाबाहेर. परवाना होता, कुणाला दमही दिला नव्हता. त्याला धरलं, दंड झाला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि २०१७मध्ये हरला. तेव्हापासून माझ्यासारखे लोक दर दहा मिनिटांनी शर्ट खाली ओढत फिरत. ही सवय इतकी अंगवळणी पडते की जाणकार माणूस त्यावरूनच ओळखतो, याच्याकडे पिस्तूल आहे.

तुम्ही वाचलेली बातमी गेल्या सप्टेंबरची, म्हणजे २०२५ची. २०२२च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात ठरवलं की शस्त्र बाळगण्यावरचं बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसत असेल तरच टिकेल. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ जुलैला, फ्लोरिडातल्याच पेन्साकोलात एक जण संविधानाची प्रत हातात घेऊन, कमरेचं पिस्तूल दिसेल असा भर चौकात उभा राहिला. मुद्दामच. त्याच्या खटल्यात इथल्या अपील कोर्टाने उघड बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि राज्याच्या अटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, पोलिसांना कळवलं की यापुढे या कलमाखाली कुणाला धरू नका.

इथेही बहुतेकांना वाटतं की हा निकाल मिरवणाऱ्यांच्या सोयीचा. मला विचाराल तर त्यांच्यापेक्षा जास्त फायदा आमचा झाला, झाकणाऱ्यांचा. मी आजही झाकूनच ठेवतो. पण आता शर्ट सरकला तर तो फक्त सरकलेला शर्ट. त्याचा गुन्हा होत नाही. पूर्वी आय-७५ हमरस्त्याने शेजारच्या जॉर्जिया राज्यात शिरलं की तिथे पिस्तूल दिसलं तरी कुणाची हरकत नसे, आणि परतताना हद्दीची पाटी ओलांडली की तोच माणूस, तेच पिस्तूल, तोच शर्ट आरोपी होऊ शके. हा वेडेपणा संपला. पोलिसांच्या बाबतीतही फरक पडतो. ओहायोत उघडं बाळगणं आधीपासून कायदेशीर आहे. तिथे टोलेडोत कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाच्या कमरेचं पिस्तूल पाहून कुणीतरी फोन केला आणि पोलिसाने त्याला बेड्या घातल्या. २०१५मध्ये संघीय अपील कोर्टाने म्हटलं, जे करायला कायद्याची मुभा आहे ते करताना दिसणं एवढाच काही संशयाचा आधार होत नाही.

शिवाय शरीराची सोय. झाकायचं पिस्तूल पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोचावं लागतं. गाडीत बसलं की पोटात रुततं, घामाने चिकटतं. म्हणून माणसं लहान पिस्तूल घेतात, जे धरायला अवघड आणि झटका जास्त देणारं. नाहीतर गाडीतच ठेवून जातात. गाड्या फोडून पिस्तुलं पळवणारे इथे कमी नाहीत. आता बाहेरच्या बाजूला घट्ट होल्स्टर लावून वर सैलसा शर्ट घातला तरी चालतं. उकडलं तर शर्टाची बटणं उघडली, बिघडलं काय?

तरीही उघडं घेऊन फिरायला मी जाणार नाही. ज्याला वाईट करायचंय तो ज्याचं पिस्तूल दिसतंय त्यालाच आधी गाठेल, किंवा मागून हिसकावेल. दुसरं, आमच्या रंगाच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर काउंटरपलीकडचा गोरा म्हातारा काय समजेल, हे कोर्ट ठरवत नाही. मंडळाच्या गणपतीत तर प्रश्नच नाही. आरतीच्या रांगेतली पोरंबाळं घाबरतील. कायद्यानेही सगळं मोकळं सोडलेलं नाही. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र, दारूचे बार इथे अजून बंदी आहे. दुकानदाराने किंवा घरमालकाने बाहेर जा म्हटलं आणि पिस्तुलासकट हटून बसलात तर तो मोठा गुन्हा. आणि पिस्तूल काढून कुणाला दटावलं तर त्याचं वेगळं कलम आहेच.

तुमची एकनळी बंदूक खांद्यावर घेऊन बागेत वानर हाकायला जाता ती लपवू म्हटलं तरी लपणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप तुम्हाला विचित्र वाटेल. निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा करताना मात्र तुमची जी चिडचिड होते, तीच शर्ट ओढताना माझी व्हायची. बाकी, जानेवारीत येताय तेव्हा गाडीच्या डाव्या खणात हात घालू नका. तिथे कुलूपबंद डबी असते, किल्ली माझ्याकडे.

काकूला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मोहोर टिकला का ते कळवा.

आपला,
प्रशांत