सई माहेरी येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सई सातव्यात घरी येईल. डिंक, अळीव, शेगडी, मालिशवाली बाई हे सगळं आईने आधीच ठरवलं असणार. तिच्या मनाची काळजी कशी घ्यायची, तेवढंच मी कळवते.

आधी गोळीबद्दल. तिची सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. ‘पोटुशीने असली औषधं घेऊ नयेत’ असं कुणी म्हणालं, तरी परस्पर बंद करायला लावू नका. एकदम थांबवली की चक्कर येते, घाबरल्यासारखं होतं आणि जुना त्रास ऐन बाळंतपणात उलटू शकतो. ही गोळी दुधात फार थोडी उतरते, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टर बरेचदा हीच देतात. बाळाच्या डॉक्टरांना मात्र प्रसूतीआधीच सांगून ठेवा. काही बाळं पहिले दोन-चार दिवस किरकिरतात, थरथरतात, तेवढं लक्ष ठेवावं लागतं. सगळ्या गोळ्यांचं असं नसतं. व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मनाच्या तीव्र चढ-उतारांवरची गोळी) असेल तर मूल हवं असं ठरल्यावरच, दिवस जायच्या आधी, बदलून घ्यावी लागते. तिने बाळात व्यंग राहण्याचा धोका शंभरात दहाच्या आसपास असतो.

उदासी बाळंतपणानंतरच येते असं नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या बायकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना नैराश्य होतं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं निघाली आणि मुलगी झाली की त्यांचा भार आणखी वाढायचा. तेव्हा बाबा, ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणत सुस्कारे टाकणाऱ्या मंडळींना दारातच आवरायचं काम तुमचं.

दर तपासणीला वजन, बीपी बघतात तसं मनाचंही बघायला सांगा. एडिनबर्ग नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं ते त्यात विचारतात आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. बेरीज १३ किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, १० ते १२ आली तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा भरायची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. कागद सईला एकटीला भरू द्या. आई, नवरा, सासू शेजारी बसले की सगळी उत्तरं ‘छान’ येतात.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि त्याच सुमारास रडूही येतं. हे बहुतेक जणींना होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप निवळतं. त्यापुढे टिकलं, बाळाकडे बघवेनासं झालं, किंवा ‘मी वाईट आई आहे’ हे रोजचं झालं, तर ते नैराश्य समजा.

एक वेगळी गोष्ट मात्र पहिल्या दोन आठवड्यांतच येते, हजारात एक-दोघींना. बाळ झोपलंय, अंग थकलंय, अंधार केलाय, तरी हिला झोप नाही, आणि झोप नको असंही वाटतं. बोलणं भरभर, एका विषयावरून दुसऱ्यावर. बाळाला कुणी काही करेल असा संशय, कानात आवाज. ही बाहेरची बाधा नव्हे. नजर उतरवण्यात रात्र घालवू नका, तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. बारावा दिवस नेमका याच काळात येतो, म्हणून बारसं सव्वा महिन्यानंतर करा असं माझं स्पष्ट मत आहे.

सव्वा महिन्याची विश्रांती ही आपली उत्तम रीत आहे, पण येणारी-जाणारी माणसं ती खाऊन टाकतात. सलग चार-पाच तासांची झोप हे निम्मं औषध आहे. रात्री नऊला सईने पाजून बाळ आजीच्या ताब्यात द्यायचं. मधली एक वेळ काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने. ते दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि गॅसवर तापवू नका. वाटी कोमट पाण्यात धरली की पुरतं. थकवा फारच वाटला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्हीही उदासीसारखंच सोंग घेतात. जावईबापूंकडेही बघा. दहा बापांतल्या एखाद्यालाही या काळात नैराश्य येतं, आणि त्याला कुणी विचारत नाही.

मदत लागली तर टेली-मानस, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. फोन करण्याआधी कागदावर लिहा: कितवा महिना किंवा बाळ किती दिवसांचं, त्रास कधीपासून, रात्री किती तास झोप, गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, घरात आधी कुणाला असा आजार होता का. दाखल करायची वेळ आली तरी घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करत नाहीत. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आजारांच्या रुग्णालयात तर आई-बाळांचा वेगळा विभागच आहे.

वहिनीचंही सांगते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ आत सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे जातात आणि ते फार जड असतात. रोजच्या फोनवर ‘काही विशेष?’ विचारू नका, दादाकडूनही काढून घेऊ नका. निकाल नाही आला तर ‘पुढच्या वेळी होईल’ हे लगेच नको, आधी तिला रडू द्या. त्यांच्या केंद्रात समुपदेशक आहे का, हे दादाला मी विचारते.

फाइलच्या पहिल्या पानावर सईच्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर, गोळीचा डोस आणि १४४१६ एवढं मोठ्या अक्षरात लिहा. बाबा, प्रसूतीच्या दिवशी फाइल तुमच्याजवळ ठेवा.

तुमची,
मोठी