पुडा जिवंत आहे का मेलाय, ते आम्ही सांगू शकतो

मा. संपादक,

मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर तासगाव तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. गावात कुणी विचारलं काय शिकतीस आणि मी मायक्रोबायोलॉजी म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे रक्त-लघवी तपासायचं का? आधी समजावून सांगायचे, आता नुसतं हो म्हणते.

आमचे आण्णा दरवर्षी ट्रायकोडर्माचे, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीला दाबणाऱ्या उपयोगी बुरशीचे पुडे आणतात, शेणखतात मिसळून वेलीच्या मुळाशी टाकतात. पुड्यावर छापलेलं असतं ग्रॅमला २० लाख सीएफयू, म्हणजे एका ग्रॅममधनं २० लाख कॉलनी (प्लेटवर उगवणारे बुरशीचे ठिपके) उगवतील एवढी जिवंत बुरशी. आण्णांना सीएफयू हे कंपनीचं नाव वाटायचं.

यंदा एक पुडा उचलून मी कॉलेजला नेला. १ ग्रॅम पावडर ९ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मध्ये, असं चार ट्यूबमधनं गेलं की १० हजार पट पातळ होतं, त्यातलं ०.१ मिली बुरशीचं खाद्य ओतलेल्या प्लेटवर पसरवायचं. हिशेबानं प्लेटला २० च्या आसपास कॉलनी यायला पाहिजेत, आधी पांढऱ्या कापसासारख्या, मग तीन-चार दिवसांत हिरव्या. आमच्या तीन प्लेट मिळून एक आली, तीपण कडेला.

लगेच कंपनीला शिव्या घालू नका. पुडा उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलच्या कॅनशेजारी पडला होता, त्या उष्णतेत काय राहणार. आणि दुसरी गोष्ट घरी विचारल्यावर कळली, ज्या बॅरलमध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो कालवतात तेच बॅरल न धुता कधीकधी ट्रायकोडर्माला वापरतात. मोरचुदातल्या तांब्यानं बुरशी मरते म्हणून तर बोर्डो मारायचं, आणि ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे की!

तीन वर्षं बीएस्सीला आम्ही काय केलं, तर फ्रिजमधल्या जुन्या स्लांटवरनं (जंतू वाढवून ठेवलेली ट्यूब) ई. कोलाय आणि बॅसिलस हे जंतू घेऊन ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू ओळखायला रंग द्यायचा, एक गुलाबी एक जांभळा, जर्नलमध्ये चित्र, सही. उत्तर आधीच माहीत. हात बसतो त्यानं, नाही म्हणत नाही, पण खरं मोजायला शिकले ते त्या पुड्यावर, कारण उत्तर काय येणार ते मलाच काय मॅडमनाही माहीत नव्हतं.

शिवाजी विद्यापीठाच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच कॉलेजांत हा विषय आहे, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), इन्क्युबेटर (जंतू वाढवायची उबदार पेटी) आहेत, आमच्याकडं तर दुपारनंतर ते रिकामेच असतात. सप्टेंबरमध्ये, फळछाटणीच्या आधी, शेतकऱ्यांकडनं पुडे घ्यावेत, मुलांनी मोजावेत आणि ते प्रोजेक्ट म्हणून धरावं. मीडियाला, म्हणजे प्लेटमधल्या खाद्याला लागतं काय, उकडलेल्या बटाट्याचं पाणी, ग्लुकोज आणि ते घट्ट करायला अगर, त्यात अगर तेवढा महाग. रिपोर्टवर सरकारी शिक्का नसेल, कोर्टात चालणार नाही, चालूदे. पैसे घालून मेलेली पावडर टाकायची का नाही एवढं तरी बागायतदाराला कळेल. आमच्या कॉलेजात विचारलं तर सिलॅबसमध्ये बसत नाही म्हणाले, म्हणून हे पत्र.

आण्णांनी नवीन पुडे घरात आणून माठाशेजारी गार जागेला ठेवलेत. आई जाम वैतागलीय.

— एक विद्यार्थिनी, ता. तासगाव, जि. सांगली