ओजसची नवी शाळा

सोलापूर,
12 मे

तीर्थरूप आई-बाबा यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एवढी नावाजलेली शाळा सोडून ओजसला जुळे सोलापुरातल्या चौदा मुलांच्या शाळेत का घालता, असे तुम्ही विचारलेत. बाबा, तुमची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, एकाही मुलाचे नाव तुम्ही पटावरून गळू दिले नाहीत. नातवाने शाळा सोडली हे ऐकून तुमचा जीव तुटला असणार, हे मला कळते.

ओजसच्या वर्गात बावन्न मुले होती. तास संपल्याची घंटा त्याच्या वर्गाच्या दाराशेजारीच होती आणि ती वाजली की तो दोन्ही कान दाबून बाकाखाली शिरत असे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो ओजससारख्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला असह्य होऊ शकतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांचे भोंगे आणि गर्दी यांमुळे त्याने जमिनीवर अंग टाकले, तेव्हा तो हट्ट करतो आहे असे तुम्हाला वाटले होते. तो हट्ट नव्हता, बाबा. ते सारे त्याला सोसण्यापलीकडे गेले होते. शाळेत हे दिवसातून आठ वेळा घडत होते. त्याच्या बाईंना मी दोष देत नाही, बावन्न मुलांत त्या तरी काय करणार? परंतु शाळेने मला बोलावून, स्वतःच्या खर्चाने त्याच्याजवळ बसायला माणूस ठेवा, नाहीतर दुसरीकडे बघा, असे सांगितले, ते मात्र मला फार लागले.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी नंतर वाचले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. भांडलो असतो तर कदाचित तो तिथेच राहिला असता. पण भांडून मिळवलेल्या बाकाखाली माझ्या मुलाने आणखी सहा वर्षे काढावीत, हे मला मान्य झाले नाही.

नव्या शाळेत आम्ही तीन वेळा गेलो. तिथे घंटा नाही. प्रत्येक मुलाच्या जागेजवळ भिंतीवर एक पट्टी आहे आणि तिच्यावर दिवसाची कामे चित्रांनी क्रमाने लावलेली आहेत: चप्पल काढणे, गणित, झोपाळा, डबा, घर. काम झाले की मुलाने ते चित्र काढून खालच्या खिशात टाकायचे. पुढे काय होणार हे दिसत असले की या मुलांची घालमेल कमी होते, असे तिथल्या ताईंनी समजावले. तिसऱ्या दिवशी ओजसने शेंगाचटणी-भाकरी संपवली, डबा बंद केला आणि कोणी न सांगता उठून डब्याचे चित्र खिशात टाकले. मग उरलेल्या एकमेव चित्रावर, घरावर, बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. आई, तो माझ्याकडे पाहत होता, सरळ डोळ्यांत. मला तिथे उभे राहवेना.

त्या शाळेत उणेही आहे. मैदान लहान आहे, फी आम्हाला जड जाणार आहे, आणि मोठ्या वर्गातल्या मुलांचे बोलणे कानावर पडून जे शिकता येते ते तिथे कमी मिळेल. म्हणून संध्याकाळी त्याला शेजारच्या मुलांत खेळायला नेणे मी थांबवणार नाही.

राहिली दहावीची गोष्ट, जी बाबांच्या मनात पहिल्यापासून आहे. दहावीची परीक्षा घेणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) 1989 पासून आहे. तिथे नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि झेपेल तसे एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात. ओजसला तिथपर्यंत जाता येईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण ती वाट बंद केलेली नाही, एवढे बाबांनी निश्चिंत मनाने मानावे.

आई, तुला एकच विनंती आहे. नवी शाळा 16 जूनला सुरू होते, आणि त्याआधी चार दिवस आम्ही बार्शीला येत आहोत. तुमच्या दोघांचा, अंगणातल्या तुळशीचा, न्हाणीघराचा आणि तो झोपतो त्या खाटेचा असे वेगवेगळे फोटो भाऊकडून काढून पाठव. त्यांची पट्टी करून मी ती एसटीत बसण्यापूर्वी त्याच्या हातात देणार आहे.

तुमची,
सुमा